पाण्यात पाहणे

शनिवारी नऊला पेनी ब्रूकच्या पुलापाशी
सात माणसं, चार फावडी, एक थर्मास.
छातीपर्यंतची रबरी विजार चढवताना
मी दर वेळी उजवा पाय डाव्यात घालतो
आणि ग्लेनिस पार्फिट, वय एकाहत्तर,
खांद्याला धरून मला उभा करते
बिथरलेला घोडा धरावा तसा.

आठवडाभर मी सॉल्सबरीच्या इस्पितळात
लोकांची हाडं उजेडात बघतो.
या ओढ्याचं हाड दिसतच नव्हतं.
गुडघाभर गाळ, शिळ्या पिठल्यासारखा,
आणि वरून पाणी जायचं
आजाऱ्याच्या खोलीतून चपला हातात घेऊन
कुणी निघून जावं तसं.

नदीचं मूळ विचारू नये म्हणतात.
आम्ही विचारलं.
ते टकरच्या कुरणामागे निघालं, गाईंना पाणी प्यायला ठेवलेल्या
एका गंजक्या बाथटबच्या बुडाशी.

रुंद झालं की पाणी आळसावतं, डंकन सांगतो.
म्हणून त्याला अरुंद करायचं:
हेझलच्या काटक्यांच्या मोळ्या, चेस्टनटचे खुंट,
खुंटावर घण, आणि घणावर हात
हेवर्ड टकरचा.
होय, तोच. ज्याच्या गाईंनी
वीस वर्षं हा काठ तुडवला.
ग्लेनिसने त्याच्याविरुद्ध अकरा पत्रं लिहिली होती.
त्याने एकही फोडलं नव्हतं.
आमच्याकडे याला पाण्यात पाहणं म्हणतात,
मी एकदा चहाच्या वेळी सांगितलं, मोडकंतोडकं उलगडून.
हेवर्डने कप झटकला.
"पण तेव्हा पाण्यात दिसत काय होतं?"

मग आले खडे. अकरा टन, गारगोटीचे,
ढकलगाडीने, फळीवरून, तोल सांभाळत.
जन्मभर तांदळातून खडे निवडले,
इथे मुठीमुठीने पाण्यात पेरतो.
रात्री पाठ बोलते. बायको बाम लावते, ती नाही बोलत.

वेंगुर्ल्याहून ताईचा फोन. "काय गावला?"
अजून काही नाही.
आणि गावलं तरी सोडून द्यायचं.
"सोडून?"
हो. पिसांची खोटी माशी, बिनअडीचा गळ,
हात आधी ओले करायचे,
मग माशाचं तोंड प्रवाहाकडे धरून
त्याला दम येईपर्यंत थांबायचं.
ती बराच वेळ गप्प.
मागे तव्यावर काहीतरी चुरचुरत होतं, मला वासही आला.
"मगे तू थंय करतस तरी काय?"

डिसेंबरचा दुसरा शनिवार. पाऊस नाही, ऊनही नाही.
ग्लेनिस पुलावर थांबली आणि तिने नुसता हात वर केला.
आमच्या विजारी अर्ध्या चढलेल्या.
खाली, आम्हीच ओतलेल्या खड्यांत
एक फिकट चट्टा, सुपापेक्षा जरा मोठा,
शेपटीने घासून स्वच्छ केलेला.
शेजारी शेवाळाची सावली.
मग ती सावली कुशीवर वळली
आणि अंगावरचे तांबडे ठिपके दिसले,
प्रत्येकाभोवती फिकट कडं.
खडे उडाले. गढूळ. पुन्हा नितळ.
कुणीतरी कुजबुजलं, अंडी.

त्या दिवशी कुणी पाण्यात उतरलं नाही.
घण गाडीतच राहिला. चहा लवकर संपला.
हेवर्डला जवळचं दिसत नाही,
तर ग्लेनिसने आपला चष्मा त्याच्या नाकावर ठेवला,
आणि दोघं कठड्यावर कोपराला कोपर लावून
कितीतरी वेळ
पाण्यात पाहत होते.

मी घरी येऊन फोन लावला.
ताई, एक दिसली.
"केवडी?"
मी दोन्ही हात पसरले,
आणि फोन खांद्यावरून घसरला.