सरळ वर

सिंगापूर ते फ्रँकफर्ट दहा हजार दोनशे ऐंशी किलोमीटर.
तेरा तास. वारा समोरून आला
तर वर पंधरा-वीस मिनिटं.
हे मी कागद न बघता सांगतो.
सोनेगावच्या हवामान कचेरीत एकतीस वर्षं फुगे सोडले मी,
वाऱ्याच्या खोड्या मला नका सांगू.

आज प्रणोती निघालीय.
आपल्या घड्याळात नऊ पंचवीसला सुटलं विमान,
म्हणजे समुद्र ओलांडून, विशाखापट्टणमला किनारा लागून,
गडचिरोलीचं जंगल मागे टाकून
दोनच्या सुमारास जयताळ्यावर.

"काऊन उठले जी?" मालू कुशीवर वळते.
"दिसते का तिथून काही?"
दिवा दिसतो. लाल, मग पांढरा, मग लाल.
तो तिचाच कशावरून, हेही विचारून झालंय तिचं.

गच्चीची फरशी रात्री दोनलाही तापलेली.
खाली मेश्रामांच्या कूलरातून ओल्या वाळ्याचा वास.

पस्तीस हजार फूट
म्हणजे साडेदहा-अकरा किलोमीटर.
आमच्या फाटकापासून इतवारी तेवढीच.
शनिवारी मी तिखट आणायला जातो
आणि वरण शिजेपर्यंत परत येतो.
दोन वर्षांत पोरगी एवढ्या जवळ आली नव्हती.

खाली यायचं तर मात्र रजा, तिकीट,
दिल्लीला सात तास बाकड्यावर,
मग पट्ट्यापाशी बॅगेची वाट.
मी जोडून पाहिलंय. एकवीस तास.

ती सात वर्षांची होती तेव्हा
एकदा पहाटेच्या पाळीला नेलं होतं.
फुगा तिच्याएवढा. दोन्ही हातांनी धरलेला.
सोड म्हटलं, सोडेना.
"कुठं जाईल हा?"
वर.
"अन् मंग?"
मग तो फुटतो, हे मी सांगितलं नाही.
म्हटलं, मग तो वारा कळवतो.

थिओडोलाइटला डोळा लावायचा,
दर मिनिटाला कोन वाचायचा, वहीत लिहायचा.
तिला स्टुलावर उभं केलं.
अठराव्या मिनिटाला ठिपका हरवला.
एकोणिसाव्याला ती म्हणाली,
"बाबा, मले दिसून राह्यला अजून."
साफ खोटं.
मी आकडा लिहिला.
सरकारी वहीत तो एवढा एकच असेल, माझ्या हातचा,
आणि त्या दिवशीचा वारा
कुणाला तरी जरा चुकीचा कळला असेल.

एक अठ्ठावन्न.
आग्नेयेला, पाण्याच्या टाकीवरून, दिवा.
हात लांब करून मूठ धरली की दहा अंश.
तीन मुठी. पाच. मग मुठी संपतात, मान मोडते.
आवाज अर्ध्या मिनिटानं मागून येतो,
तिकडे पाहावं तर तिथे विमान नसतंच.

मागच्या खेपेला तिनं फोटो पाठवला होता
सीटसमोरच्या पडद्याचा:
निळ्या नकाशावर पांढरं विमान, त्याच्या पोटाखाली
एकच नाव, नागपूर.
पुणे नव्हतं, मुंबई नव्हती.
या खेपेला झोपली असेल. झोपू दे,
उद्या उतरल्या उतरल्या मीटिंग आहे तिची.

जिन्याखालून मालू: "गेली का जी?"

काटोलच्या अंगाला एकही दिवा नव्हता.
"दिसून राह्यली अजून," म्हटलं,
आणि कूलरात पाणी टाकायला बादली उचलली.