पालथा

कॉन्सेप्सियोनचं इस्पितळ, चौथा मजला,
रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं.
एलेउतेरियो वेन्चुमान, वय एक्केचाळीस, लाकूडतोड्या.
हिवाळाभर बंद असलेली खोपी त्यानं झाडली,
कोपऱ्यात उंदरांच्या लेंड्या, दार लावलेलं.
तीन आठवड्यांनी ती धूळ ताप होऊन उगवली
आणि तापामागून पाणी,
छातीत, जिथं नुसता वारा असावा तिथं.

मी डोक्याशी. नळी माझ्या हातात,
ओठांपाशी तेवीसचा आकडा.
डोकं ज्याच्या हाती त्यानंच मोजायचं,
बाकीच्यांनी ऐकायचं.
डावीकडे इस्मेनिया आणि नवा पोरगा,
पायांशी डॉक्टर,
उजवीकडे दोन त्रान्सितो, तीस वर्षं खाटा ढकललेला,
त्याला यंत्रातलं काही कळत नाही,
चादरीची कुठली कड कुणी धरायची ते मात्र कळतं.

छातीखाली उशी, कमरेखाली उशी, पोट मोकळं.
पापण्यांवर पट्टी.
एक. काठाला.
दोन. कुशीवर. थांबा, वायरी बघा.
तीन.

माझी लेक पाचव्या महिन्यात पालथी पडली
तेव्हा मी शेजारणींना हाका मारल्या होत्या.
इथं पाच माणसं लागली
आणि कुणी हाक मारत नाही.
आकडा पडतो. अठ्ठ्याऐंशी. एक्क्याऐंशी. चौऱ्याहत्तर.
नव्या पोराच्या कपाळावर घाम.
चौऱ्याहत्तर.
चौऱ्याहत्तर.
शहात्तर.

पालथ्या घड्यावर पाणी, असं म्हणणाऱ्यानं
फुप्फुसाची पाठ पाहिली नसावी.
उताण्या माणसाचं हृदय तिच्यावर ओझं टाकून बसतं;
घडा उलटा केला की
मागचे मिटलेले कप्पे एकेक करून उघडतात,
कधी.

पहाटे पाचला उघडलेले पुन्हा मिटले.
व्लादिमिर आपलं यंत्र ढकलत आला,
तोंडात अजून पावाचा घास.
पुन्हा तीन आकडे, पुन्हा उताणा.
मांडीतून एक जाड नळी, मानेतून दुसरी.
रक्त निघालं माकीच्या फळासारखं काळं-जांभळं
आणि हातभर प्लास्टिक ओलांडून
लालभडक होऊन घरी परतलं.
फुप्फुसांना सांगितलं, पडून राहा,
तुमचं काम बाहेर चाललंय.
आणि सकाळी, नळ्यांसकट, सहा जणांनी,
त्याला परत पालथं केलं.

साडेदहाच्या बसनं रोसाल्बा आली.
चेहरा दिसेना, तो पलीकडे वळलेला.
ती मानेकडेच बघत राहिली.
"केस मीच कापले," म्हणाली, "कात्री बोथट होती."
खरंच, उजवीकडून वाकडे होते.
रात्रभर मी ते डोकं धरलं होतं
आणि मला दिसलं नव्हतं.

"हा श्वास घेतोय का?"
काय सांगणार. नळीकडे बोट दाखवलं.
"हात लावू?"
"लावा. दाबू नका."
तिनं दोन बोटं टेकवली, लाल बाजूवर,
आणि झटकन मागं घेतली.
"गरम आहे."

सहाला पुन्हा वळवायचाय, आणि दुपारच्या पाळीत
एक माणूस कमी.
रोसाल्बा विचारते, कड मी धरू का?
नियमात बसत नाही, तिला सांगते.

थोड्या वेळानं पाहते तर
शेजारच्या रिकाम्या खाटेवर
दोन त्रान्सितो तिला शिकवतोय,
मूठ आतून वळवायची,
अंगठा बाहेर ठेवायचा नाही.