दोन मिनिटं

यंदा जत्रेत माइक माझ्याकडे.
पावतीपुस्तकाच्या मागच्या पानावर दोन नावं:
तातू खोबरेकर, दशावतारी, स्त्रीपार्टी.
इनास फर्नांडिस, कबड्डी, डावा कोपरा.

तातूने तीस वर्षं मंदोदरी केली.
पहाटे साडी घडी करून पेटाऱ्यात ठेवायचा
आणि माझ्याकडे विडी मागायचा.
काजळ कधी नीट पुसलं नाही त्याने,
रेशनच्या रांगेत रॉकेलचा डबा घेऊन
मंदोदरीच उभी असायची.

इनासने माझा घोटा धरला होता एकदा,
शिरोड्याच्या मैदानात, ब्याऐंशी साली.
रेषा वीतभर राहिली होती.
अजून थंडीत तो घोटा दुखतो.
हे माइकवर सांगायचं नसतं.

"दोन मिनिटं शांतता," म्हणालो.
माणसं उभी राहिली,
खाजेवाल्याने तराजू थांबवला.
जनरेटर कुणाचं ऐकतो?
मी घड्याळ बघत होतो,
आणि ध्यानात आलं,
मघापासून श्वासच घेतलेला नाही.

पडद्यामागे नवा पोरगा
तातूच्या बांगड्या चढवत होता. चढेनात.
"ओ काका, तेल असा काय?"
एवढ्या शांततेत सगळ्यांना ऐकू गेलं.

सव्वा मिनिटातच म्हटलं, "बसा."
आणि तेल शोधायला गेलो.