चार नंबरचा माग

साखर पेठेत, यंत्रमागांच्या शेडला पाठ लावून
डॉक्टर इराबत्तींनी कान तपासायची खोली बांधली.
नऊ इंची भिंत, वर जिप्समचे दोन थर, मधे रॉकवूल,
तरी मीटर एक्कावन्नच्या खाली उतरेना.
म्हणून मला बोलावलं.

मी आधी दिवा घालवते.
उजेड जिथून येतो तिथून आवाज येतोच,
उजेडाला जमत नाही तिथूनही येतो.
दाराखाली केसाएवढी रेघ. खडूची खूण.
मग उदबत्ती. धूर सरळ चालला होता,
एसीच्या नळीपाशी वळला,
ओळखीच्या कुणी हाक मारल्यासारखा.
प्लगचे दोन डबे, इकडचा आणि तिकडचा, पाठीला पाठ;
मधे भिंत आहे असं फक्त नकाशाला वाटत होतं.

लांबी भरली, रबर लावलं, डबे हलवले.
एक्केचाळीस.
अजून कुठूनतरी खटक-खटक,
पेल्यातल्या पाण्यावर बारीक वळ्या.

बाहेर बाकावर नरसय्या गड्डम, तपासणीला आलेले.
छत्तीस वर्षं टॉवेलचा माग.
उजवा कान गेलेला, डावा जायच्या बेतात.
मी काय शोधतेय ते त्यांना ओरडून सांगावं लागलं.
ते उठले. चपला दाराशी काढल्या.
तळवा भिंतीवर टेकवून सरकवत नेला,
तापातल्या पोराच्या पाठीवरून न्यावा तसा,
आणि कोपऱ्यात, छताखाली, थांबले.
"हितं. चार नंबरचा माग. पिकर ढिल्ला झालाय की ओ त्याचा."

गिलावा फोडला. आत लोखंडी गर्डर,
शेडमधून थेट आत आलेला.
आम्ही भिंत त्याच्याभोवती बांधली होती.
पलीकडे जाऊन पाहिलं:
चार नंबरचाच. पिकरही.

गर्डर भिंतीपासून सोडवायला आठ दिवस गेले.
आता अठ्ठावीस. दार लावलं
की स्वतःचा घोट गिळलेला ऐकू येतो.

पहिला नंबर नरसय्यांचाच.
कानांवर हेडफोन, उजव्या हातात बटण.
शिट्टी वाजली की दाबायचं.
बराच वेळ बटण दाबलं गेलं नाही.
काचेतून पाहिलं:
डावा हात मागे, भिंतीवर, चाचपत होता.
"बंद पडले का सगळे?" ते ओरडले.
मी मानेनं नाही म्हटलं.
त्यांनी हात काढला नाही.