कडेकडेने

डोरीन ग्रीनवुड, वय एकाहत्तर,
हेब्डन ब्रिजच्या चढांवर तीस वर्षं सायकलने टपाल वाटलेली,
पहिल्याच दिवशी मला म्हणाली,
गटाराला चिकटून काय चालवतेस?
तिथे काचा असतात, झाकणं असतात, कुजकी पानं असतात.
लेनच्या मधे ये.

मी आले नाही.
कडेकडेने जा, हे मला
चालायला लागण्याआधीपासून पाठ.
मागे एखादी व्हॅन नुसती धापली तरी
माझं चाक फुटपाथकडे सरकायचं,
चुकून कुणाच्या पानात हात गेल्यासारखं.

उभ्या गाड्यांपासून एक दार अंतर ठेव, ती म्हणाली,
आतलं माणूस कधी दार उघडेल, नेम नाही.
गाड्यांबद्दलच म्हणाली असावी.

रविवारी वर, माळरानावर.
डांबर संपलं तिथून तट्टांची जुनी वाट,
फरशा टापांनी झिजून पन्हळ झालेल्या,
पन्हळीत पाणी, पाण्याखाली शेवाळ.
पॅडल सपाट. बूड मागे.
पुढचा ब्रेक करकचून दाबलास
तर खाली तू आधी पोचशील, सायकल मागून.
आणि हँडल सैल धर, बाई!
मी खवणीवर नारळ दाबावा तशी दाबून होते.
खड्ड्याकडे बघू नकोस,
बघशील तिथेच जाशील.

मी खड्ड्याकडे बघितलं.

कोपर सोललं. हेल्मेटला खोक.
एका मेंढीने चघळणं थांबवलं.
डोरीनने थर्मासमधला कोमट चहा पुढे केला,
धीरबीर काही दिला नाही.
चेन बसवली, काळी बोटं गवताला पुसली,
म्हणाली, पुन्हा वर. तीच वाट.

नोव्हेंबरात चारलाच दिवे लागतात.
टॉडमॉर्डनच्या वृद्धाश्रमात माझी रात्रपाळी,
वाटेत रेल्वेचा पूल, खाली रस्ता चिंचोळा,
आणि काल माझ्या मागे अख्खी डबल-डेकर.
मी मान वळवली.
ड्रायव्हरच्या डोळ्यांत बघितलं, नीट,
उजवा हात लांब केला
आणि मधे आले.

हॉर्न वाजला नाही.
पुलाखालून एवढं मोठं धूड
माझ्या मागून
माझ्या वेगाने आलं.
पाय थरथरत होते, हँडल नाही.
पलीकडे रुंदावल्यावर मी डावीकडे झाले,
बस गेली,
वरच्या मजल्यावर एक पोरगं काचेला नाक लावून.

आईला फोनवर हे कसं सांगायचं
अजून ठरलेलं नाही.
ब्रेकचे रबर मात्र झिजलेत,
शनिवारी बदलायला हवेत.