मानशीची फळी

डॉक्टरनं केसपेपराच्या पाठीवर
आधी गुडघा काढला, मग त्यातली धातूची बिजागरी,
मग बिजागरीवर पेन आडवं धरून
नुसती गिचमीड.
म्हणाली, हा थर. जंतू स्वतःच विणतात, त्यातच राहतात.

मी विचारलं, बुळबुळीत?
म्हणाली, बुळबुळीत.

पस्तीस वर्षं चोडणच्या बांधावर
खाजनाचं दार, म्हणजे आमची मानस,
मी आणि सांताननं सांभाळली.
खाऱ्या पाण्यात लाकूड घाला
आणि तिसऱ्या दिवशी हात लावून बघा.
आधी ते ओशट होतं.
मग शेवाळ, मग कालवांची पिलं,
महिन्याभरात फळी फळी राहत नाही,
वाडा-वस्ती होते.
हे मी बांबोळीच्या त्या गार खोलीत सांगणार होतो,
पण माझ्या फायलीखाली
आणखी बावीस फायली होत्या.

सव्वा वर्ष गुडघा गुणी होता.
मग एका रविवारी तापला,
चुलीवरून नुकत्या उतरवलेल्या भांड्यासारखा.
चौथ्या दिवशी उघडला, घासला, धुतला,
मधली प्लॅस्टिकची चकती बदलली,
धातू ठेवला.

घासून सगळे जात नाहीत, ती म्हणाली.
तळाचे झोपून असतात.
खात नाहीत, वाढत नाहीत,
आणि बहुतेक औषधं मारतात
जागत्यांना, वाढत्यांना.

म्हणून दोन.
लाल गोळी थरात शिरते, झोपलेल्यांपर्यंत पोचते.
पण एकटी गेली
तर थोड्याच दिवसांत तिला पुरून उरणारे निपजतात.
म्हणून पांढरी तिच्या पाठीशी.
लाल एकटी कधीच नको, काका.
पांढरी दुकानात मिळाली नाही
तर आधी मला फोन करा.

फेरीबोटीत सांतानला सगळं सांगितलं.
तो हसला. हे आपलंच, म्हणाला.
फळी खरवडायला एकानं उतरायचं,
दुसऱ्यानं वर दोर धरून पाणी बघायचं.
त्याच्या बापाचा नियम.
बापानं तो एकदाच मोडला होता.

सहा महिन्यांचं औषध.
सकाळी उपाशीपोटी लाल, तासाभरानं पेज.
लघवी शेंदरी, घाम शेंदरी,
बनियनच्या काखा शेंदरी.
सत्यवती म्हणाली, मारुती झालात.
कॅलेंडरवर तिनं रक्तातल्या सुजेचे आकडे लिहिले:
अठ्ठ्याण्णव, एकेचाळीस, बावीस.
पुन्हा बावीस. त्या महिन्यात
ती माझ्याशी कमी बोलली.

चौथ्या महिन्यात सांतान गेला.
झोपेत, पहाटेच्या सुकतीला.
इगर्जीत मी कडेच्या बाकावर, पाय वाटेत लांब करून.
कुणीतरी अडखळलं, सॉरी म्हणालं.
मी डोळे पुसले
आणि पांढऱ्या रुमालावर शेंदरी डाग.
आर्सेनियानं पाहिलं. रक्त?
नाही बाये, औषध.
तिनं रुमाल माझ्या हातातून काढून घेतला, धुवायला.
स्वतःचा नवरा पेटीत असताना.
ते डाग जात नाहीत,
सांगायला हवं होतं मी.

आता दीड महिना उरलाय.
आकडा नऊ. डॉक्टर म्हणते बरं,
पूर्ण बरं म्हणत नाही.
दोन वर्षांनी म्हणेन, म्हणते.

मानशीवर नवा पोरगा दिलाय, तन्वेश.
हाताला चपळ, कानानं हलका,
कुणी काही सांगितलं की लगेच हो म्हणतो.
काल मी काठी टेकत बांधावर पोचलो
तर हा आधीच उतरलेला,
छातीपर्यंत पाण्यात, एकटा,
खरवडतोय.

शिव्या तोंडाशी आल्या होत्या.
मी बसलो. नवा गुडघा वाकेल तेवढा वाकवला,
उरलेला पाय बाहेर सोडला,
दोर उचलला.
सांतान गेल्यापासून कुणी हात लावला नसावा.
ओला होता,
आणि मुठीत धरला तर
बुळबुळीत.