कंदील

सन्मती मगदूमनं कोड पाठवलाय,
सातशे चाळीस ओळी, सी मधल्या,
यार्डातल्या नव्या वजनकाट्यासाठी.
‘मॅडम, चालतंय. तीनदा बघितलंय.’

‘चालतंय’ या शब्दावर माझा भरवसा नाही.
कुपवाडच्या शेडमध्ये पंखा अर्धवट फिरतो,
मी खालून वर वाचते.
आधी फ्री शोधते, मग त्याचं मॅलॉक.
वडील वही अशीच उलटी तपासायचे.

ते हरिपूरला पेवांवर होते.
वरून सगळी माती सारखी,
पोटात कुणाची किती हळद, ते चिठ्ठीला ठाऊक.
आणि चिठ्ठी म्हणजे हळद नव्हे.
पॉइंटर म्हणजे माल नव्हे, सन्मती,
नुसता पत्ता.

ओळ एकशे बारा.
जागा मागितलीस. मिळाली का, ते न विचारता
थेट उतरलीस.
पेव उघडल्यावर कुणी लगेच उतरत नसे.
आधी दोरीला कंदील.
ज्योत गुदमरली, की माणसानं वरच थांबायचं.
मी शेजारी लिहिलं: नल तपास.
खोडलं. लिहिलं: आधी कंदील सोड.

ओळ दोनशे सहा. नावाला सोळा घरं.
तू तपासलंस ‘अबक’ घालून.
यार्डात येणार भूपाल जिनगोंडा चौगुले;
सतराव्या अक्षरापासून ते
शेजारच्याच्या वजनात शिरतील,
बिचाऱ्यांना कळणारही नाही.

ओळ तीनशे नव्वद.
पावतीची जागा मोकळी केलीस,
आणि लगेच पुढच्या ओळीत पॉइंटर नल.
शाबास, म्हणून मी पुढे सरकणारच होते.

एका वर्षी एक जण जुनी चिठ्ठी घेऊन आला,
दुसऱ्याची बारा पोती काढून घेऊन गेला.
चोर नव्हता. सही खरी, नंबर खरा, पेवही तेच,
फक्त मधे दिवाळी होऊन गेलेली.
तेव्हापासून वडील पेव रिकामं झालं
की तिथंच चिठ्ठी फाडायचे.
पण कार्बनची नक्कल
अडत्याच्या ड्रॉवरमध्ये राहायची.

म्हणून मागं गेले.
तीनशे बाहत्तर: त्याच पत्त्याची दुसरी प्रत,
छपाईच्या फंक्शनला आधीच दिलेली.
ती अजून तिथंच बोट दाखवतेय.
आणि चालतंय, हो, चालणारच;
रिकाम्या पेवात हळदीचा वास
कितीतरी दिवस टिकतो.
नवं पोतं पडेल त्या दिवशी
चौगुल्यांच्या पावतीवर भलत्याचंच वजन.

ही ओळ कुणाची, म्हणून इतिहास काढला.
दोन वर्षांपूर्वीची. रात्री अकरा सत्तावीस.
माझी.

चहा गार झाला.
तिच्या सात चुका लिहिल्या होत्या,
वर आठवी लिहिली, माझ्या नावानं,
आणि पाठवून दिलं.

महापुरानंतर पेवं बुजत गेली,
सन्मतीनं एकही उघडं पाहिलेलं नाही.
दहा मिनिटांत तिचा निरोप:
‘मॅडम, बाकी समजलं.
पण हे कंदीलचं फंक्शन
कुठल्या लायब्ररीत आहे?’